वेदनाचिकित्सकाची पात्रता : अमेरिकेतील एका प्रमाणपत्राचा इतिहास (१९३६ ते २०२३)

प्रास्ताविक

वैद्यकातील विशेषज्ञता बहुधा एखाद्या अवयवाभोवती, वयोगटाभोवती किंवा उपकरणाभोवती उभी राहिलेली दिसते. डोळ्यांचा डॉक्टर, लहान मुलांचा डॉक्टर, क्ष-किरणांचा डॉक्टर या संज्ञा सामान्य माणसालाही विनासायास कळतात. वेदनेचे तसे नाही. ती कोणत्याही अवयवात असू शकते, कोणत्याही वयात येऊ शकते आणि कधी कधी तर शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या पायातही ठणकत राहते. तिच्यावर उपचार करणे हा प्रत्येकच डॉक्टरचा धर्म मानला गेला, आणि जे काम सर्वांचे असते त्याची जबाबदारी कोणा एकाची नसते, हा व्यवहारातला अनुभव वेदनेच्या वाट्यालाही आला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘वेदनाचिकित्सक’ नावाचा एक वेगळा व्यावसायिक उदयाला आला. हा व्यावसायिक कोणाला म्हणावे, त्याची पात्रता कोणी ठरवावी आणि ती पात्रता नसलेल्याने काय करू नये, या तीन प्रश्नांची उत्तरे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या संस्थांनी दिली. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, अमेरिकेत वेदनाचिकित्सकाच्या बिरुदाचे रक्षण झाले. परंतु वेदनेसाठी लिहिल्या जाणाऱ्या औषधचिठ्ठीचे रक्षण त्याच काळात झाले नाही, आणि या दोहोंमधील अंतराची किंमत रुग्णांना मोजावी लागली.

प्रमाणपत्राआधीचे तज्ज्ञ

वेदनेसाठी स्वतंत्र दवाखाना काढण्याचे अमेरिकेतील पहिले उल्लेखनीय प्रयत्न भूलतज्ज्ञांनी केले, ही गोष्ट पुढील सर्व इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. एमरी रोव्हेनस्टाइन यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे विशिष्ट मज्जातंतूभोवती औषध टोचून संवेदना थांबवण्याच्या उपचाराचा, दवाखाना सुरू केला. शस्त्रक्रियेच्या वेळी जी सुई भूल देण्यासाठी वापरली जाई, तीच सुई शस्त्रक्रिया नसतानाही दुखणे थांबवण्यासाठी वापरता येते, हा त्यामागील साधा विचार होता. त्यामुळे भूलतज्ज्ञ प्रथमच शस्त्रक्रियागृहाबाहेर आला आणि जाग्या रुग्णाशी बोलू लागला.

दुसऱ्या महायुद्धाने या विचाराला वेग दिला. हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने इटलीतील आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी, विचारले असता, वेदनाशामक नको असे सांगितले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने ‘जेवढी जखम तेवढी वेदना’ हे सोपे समीकरण मोडीत निघाले. फ्रेंच शल्यविशारद रने लेरिश यांनी त्याआधीच, १९३० च्या दशकात, दीर्घकाळ टिकणारी वेदना हे रोगाचे लक्षण नसून स्वतःच एक रोग असतो अशी मांडणी केली होती. वेदना हा जर रोग असेल तर त्याचा वैद्य कोण, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकासमोर उभा होता, असे म्हणता येईल.

या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य वाहिले ते जॉन बोनिका. त्यांचा जन्म १९१७ चा, सिसिलीजवळच्या फिलिकुडी या लहानशा बेटावरचा. १९२७ मध्ये कुटुंब अमेरिकेला आले. पुढे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी बोनिका व्यावसायिक कुस्त्या खेळत. वैद्यकीय जगात ही गोष्ट कळू नये म्हणून ते मुखवटा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावाने आखाड्यात उतरत. (आखाड्याची ही कमाई त्यांना पुढे महागात पडली. कुस्तीतल्या दुखापतींमुळे त्यांना स्वतःला आयुष्यभर वेदना सोसाव्या लागल्या आणि अनेक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. वेदनाशास्त्राच्या या प्रवर्तकाला आपला विषय केवळ ग्रंथांतून माहीत नव्हता.)

१९४४ मध्ये सैन्यदलात दाखल झाल्यावर वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयाच्या भूलविभागाची सूत्रे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांच्याकडे आली. तेथे आलेल्या जखमींमध्ये असे अनेक होते की ज्यांची जखम भरली होती, पण दुखणे थांबले नव्हते. बोनिका नर्व्ह ब्लॉक देत. काहींना गुण येई, काहींना येत नसे. ज्यांना गुण येत नसे त्यांच्याविषयी ते अस्थिशल्यविशारद, मेंदूशल्यविशारद आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना पत्रे लिहीत. पत्रोत्तरांतून काही निष्पन्न होईना, तेव्हा त्यांनी या सर्वांना दुपारच्या जेवणाला एकत्र बोलावण्यास सुरुवात केली. एकाच रुग्णाविषयी चार विद्याशाखांनी एका टेबलाशी बसून बोलावे, ही पद्धत तेथे रुजली. युद्धानंतर टॅकोमा जनरल रुग्णालयात त्यांनी तीच पद्धत नागरी रुग्णांसाठी चालू केली आणि १९५३ मध्ये ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा दीड हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६० मध्ये ते सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भूलशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. तेथील वेदनाचिकित्सालयात त्यांच्या जोडीला लॉवेल व्हाइट हे मेंदूशल्यविशारद आणि डोरोथी क्रॉली या परिचारिका होत्या. परिचारिकेला सल्लागाराचे नव्हे तर सहसंस्थापकाचे स्थान देणारी ही रचना त्या काळाच्या मानाने धाडसी होती.

रोनाल्ड मेल्झॅक हे मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्ताने या व्यवहाराला शास्त्रीय आधार दिला. मज्जारज्जूतील एक यंत्रणा वेदनेच्या संदेशांना दारासारखी अडवते किंवा वाट देते आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्या दारावर परिणाम करतात, असा त्याचा आशय. सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले. परंतु चित्तावस्था, लक्ष व पूर्वानुभव यांना वेदनेच्या शरीरशास्त्रातच जागा मिळाली. १९७३ मध्ये सिएटलजवळच्या इसाक्वा या गावी बोनिका यांनी बोलावलेल्या परिषदेतून आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटना जन्मली. तिचे सभासदत्व डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, दंतवैद्य, मूलभूत संशोधक अशा सर्वांना खुले होते आणि तिच्या पहिल्या अध्यक्ष दनीज आल्ब-फेसार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ होत्या.

येथपर्यंतच्या चार दशकांत वेदनेचा तज्ज्ञ होता, ग्रंथ होता, चिकित्सालय होते, संघटना होती. ‘वेदनाचिकित्सक’ असे प्रमाणपत्र मात्र कोठेच नव्हते.

परवाना आणि प्रमाणपत्र

येथे अमेरिकेतील पद्धतीविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण भारतीय वाचकाच्या मनातील ‘पात्रता’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. आपल्याकडे विशेषज्ञता ही मुख्यतः पदवीतून सिद्ध होते. ती पदवी विद्यापीठ वा तत्सम संस्था देते आणि तिला केंद्रीय वैद्यकीय नियामकाची मान्यता असावी लागते. वेदनेशी निगडित असे जवळचे उदाहरण द्यायचे तर उपशामक चिकित्सेचे आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २०१० मध्ये हा विषय विशेषज्ञता म्हणून मान्य केला आणि २०१२ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्याचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईत वांद्रे येथील ‘शांती अवेदना’ हे अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांचे शुश्रूषाकेंद्र मात्र १९८६ पासून कार्यरत होते. म्हणजे येथेही काम आधी आणि पात्रता पाव शतकानंतर, असाच क्रम दिसतो. पण पात्रतेचा दाता शासनमान्य नियामक होता.

अमेरिकेत मात्र परवाना आणि प्रमाणपत्र या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. वैद्यकीय व्यवसायाचा परवाना त्या त्या राज्याचे शासकीय मंडळ देते आणि तो सर्वसाधारण असतो. परवानाधारक डॉक्टरला कायद्याने कोणत्याही रोगावर उपचार करता येतात. विशेषज्ञतेचे प्रमाणपत्र देणारी मंडळे खाजगी, व्यावसायिकांनीच स्थापन केलेली असून प्रमाणपत्र घेणे कायद्याने बंधनकारक नसते. नेत्रविशेषज्ञांनी १९१६ मध्ये असे पहिले मंडळ स्थापले. पुढे मंडळांची संख्या वाढू लागल्यावर त्यांच्यात मेळ राखण्यासाठी १९३३ मध्ये एक शिखर संस्था निर्माण झाली. १९७० पासून ती ‘अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशॅलिटीज’ या नावाने ओळखली जाते. या लेखात तिचा उल्लेख ‘शिखर मंडळ’ असा केला आहे. भूलतज्ज्ञांचे मंडळ आरंभी शल्यविशारदांच्या मंडळाची शाखा होते आणि १९४१ मध्ये ते स्वतंत्र झाले. स्वतःच्या विद्याशाखेला दुसऱ्याच्या छत्राखालून बाहेर काढण्याचा अनुभव ज्यांच्या गाठी होता, त्यांच्याच छत्राखाली पन्नास वर्षांनी वेदनाचिकित्सा आली.

रुग्णालयातील नेमणूक आणि विमा कंपनीच्या यादीतील समावेश या गोष्टी व्यवहारात मंडळाच्या प्रमाणपत्राशी जोडल्या गेल्या. त्यामुळे ऐच्छिक म्हणून सुरू झालेले प्रमाणपत्र पोटापाण्याच्या दृष्टीने जवळजवळ अपरिहार्य झाले. कायद्याची सक्ती नाही पण बाजाराची आहे, अशी ही विलक्षण स्थिती होय.

१९९१ चा निर्णय

१९८० च्या दशकात वेदनाचिकित्सक म्हणवणाऱ्यांची संख्या वाढली. १९८३ मध्ये डॉक्टरांच्या एका गटाने ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ अल्गॉलॉजी’ स्थापन केली. ‘अल्गॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये वेदना. शास्त्राला ग्रीक नाव दिले की प्रतिष्ठा येते, अशी समजूत यामागे असावी. परंतु हे नाव ना रुग्णांना कळले ना सहकाऱ्यांना रुचले, आणि लवकरच संस्था ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेन मेडिसिन’ झाली.

या संस्थेच्या धुरीणांना वेदनाचिकित्सा ही स्वतंत्र, स्वयंभू विशेषज्ञता व्हावी असे वाटत होते. भूलतज्ज्ञांच्या मंडळाने वेगळा मार्ग धरला. अतिदक्षता चिकित्सेचे उपविशेषता-प्रमाणपत्र या मंडळाने १९८० च्या दशकातच सुरू केले होते. त्याच धर्तीवर वेदनाचिकित्सेचे प्रमाणपत्र देण्याची परवानगी त्याने मागितली आणि शिखर मंडळाने ती १९९१ मध्ये दिली. प्रशिक्षणकेंद्रांना मान्यता देण्याची प्रक्रिया १९९२ मध्ये सुरू झाली आणि पहिली परीक्षा १९९३ मध्ये झाली. भूलशास्त्राचे निवासी प्रशिक्षण पूर्ण केल्यावर एक वर्षाची फेलोशिप, त्यानंतर परीक्षा, असा हा मार्ग होता. बोनिका १९९४ मध्ये निवर्तले. त्यांच्या जवळजवळ संपूर्ण कार्यकाळात हे प्रमाणपत्र अस्तित्वातच नव्हते.

या निर्णयाचा अर्थ नीट लक्षात घ्यावयास हवा. मॅडिगनच्या भोजनाच्या टेबलाशी चार विद्याशाखा बसत होत्या. १९९१ च्या प्रमाणपत्राला एकच दरवाजा होता. मज्जाविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा पुनर्वसनतज्ज्ञ कितीही वर्षे वेदनेच्या रुग्णांची सेवा करीत असला तरी त्याला ते मिळू शकत नव्हते. मानसशास्त्रज्ञ व परिचारिका यांचा तर प्रश्नच नव्हता, कारण ही मंडळे केवळ डॉक्टरांची. भूलतज्ज्ञांनी हे संकुचित वृत्तीने केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मान्यता मिळवण्याचा प्रशासकीय दृष्ट्या सोपा मार्ग तोच होता, आणि अर्धशतकभर या क्षेत्रात सर्वाधिक कष्टही त्यांनीच उपसले होते. परंतु ज्याच्या हाती सुई आहे त्याच्याकडे पात्रता गेली, की पात्रतेचा आशयही हळूहळू सुईभोवती गोळा होतो. विमा कंपन्या इंजेक्शनसारख्या मोजता येणाऱ्या क्रियेचे पैसे तत्परतेने देत. मानसशास्त्रज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ आणि डॉक्टर यांनी मिळून आठवडेच्या आठवडे चालवलेल्या कार्यक्रमाचे देत नसत. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून असे बहुविद्याशाखीय कार्यक्रम एकामागून एक बंद पडत गेले. याचे खापर केवळ प्रमाणपत्रावर फोडता येणार नाही, पण प्रमाणपत्राने त्या ओघाला अडवलेही नाही.

एकच दरवाजा फार काळ टिकला नाही. १९९८ मध्ये पुनर्वसनतज्ज्ञांचे मंडळ आणि मानसोपचार व मज्जाविकार यांचे संयुक्त मंडळ यांना हेच प्रमाणपत्र देण्याची मुभा मिळाली आणि २००० पासून त्यांचे उमेदवार परीक्षेला बसू लागले. परीक्षा मात्र भूलतज्ज्ञांच्या मंडळानेच तयार केलेली, सर्वांना एकच. २००२ मध्ये प्रमाणपत्राचे नाव ‘पेन मॅनेजमेंट’ऐवजी ‘पेन मेडिसिन’ झाले. व्यवस्थापनाकडून वैद्यकाकडे, असा हा शब्दांतला प्रवास होता. २००७ मध्ये फेलोशिपचे नियम बदलून प्रशिक्षणात मज्जाविकार, पुनर्वसन व मानसोपचार या शाखांचा अनुभव आवश्यक करण्यात आला. बोनिकांच्या टेबलाचे अंशतः पुनरागमन झाले ते असे, अभ्यासक्रमाच्या कलमांतून.

स्वतंत्र विशेषज्ञतेची आकांक्षा बाळगणारा गट स्वस्थ बसला नव्हता. त्यानेही १९९१ मध्येच स्वतःची परीक्षासंस्था काढली. पुढे ती ‘अमेरिकन बोर्ड ऑफ पेन मेडिसिन’ झाली. कोणत्याही मूळ शाखेच्या प्रमाणित विशेषज्ञाला तिची परीक्षा देता येई. शिखर मंडळाने मात्र या संस्थेला आपले सभासद करून घेतले नाही. परिणामी वेदनाचिकित्सेला अमेरिकेत ‘उपविशेषता’ हाच दर्जा राहिला. ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडले. तेथे १९९८ मध्ये भूलतज्ज्ञांच्या महाविद्यालयाअंतर्गत, पण फिजिशियन, शल्यविशारद, मानसोपचारतज्ज्ञ व पुनर्वसनतज्ज्ञ यांच्या संस्थांच्या सहभागाने, वेदनाचिकित्सेची विद्याशाखा स्थापन झाली. मायकेल कझिन्स हे तिचे पहिले अधिष्ठाता. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाने वेदनाचिकित्सेला स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून मान्यता दिली. ब्रिटनमध्ये वेदनाचिकित्सकांची संघटना १९६७ पासून होती. तरी रॉयल कॉलेजची विद्याशाखा स्थापन होण्यास २००७ साल उजाडावे लागले.

‘मंडळप्रमाणित’ या शब्दावरील वाद

प्रमाणपत्र खाजगी असेल तर ‘मंडळप्रमाणित’ हा शब्द कोणीही वापरू शकेल काय? शिखर मंडळाबाहेरची मंडळे अमेरिकेत झपाट्याने वाढली होती. त्यांपैकी काही काटेकोर परीक्षा घेणारी होती, तर काही जुजबी निकषांवर चौकटीत लावण्याजोगा कागद देणारी. रुग्णाला दोन्ही कागद सारखेच दिसत. कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये यावर कायदा केला. डॉक्टरला जाहिरातीत स्वतःला मंडळप्रमाणित म्हणवून घ्यायचे असेल, तर ते मंडळ शिखर मंडळाचे सभासद असावे, किंवा राज्याच्या वैद्यकीय मंडळाने त्याचे निकष समतुल्य ठरवलेले असावेत, किंवा त्याच्या प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त पदव्युत्तर प्रशिक्षण लागत असावे, असे बंधन त्याने घातले. ‘अमेरिकन बोर्ड ऑफ पेन मेडिसिन’ला राज्याने समतुल्य मानले. म्हणजे राष्ट्रीय पातळीवर ज्या संस्थेला शिखर मंडळाने दार उघडले नव्हते, तिला एका राज्याच्या शासनाने मान दिला.

‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेन मॅनेजमेंट’ या तिसऱ्याच संस्थेच्या वाट्याला हा मान आला नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था डॉक्टरांबरोबरच मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, कायरोप्रॅक्टर अशा अनेक व्यावसायिकांना प्रमाणपत्र देत असे. सभासदत्वाच्या दृष्टीने पाहता, बोनिकांच्या बहुविद्याशाखीय कल्पनेच्या अधिक जवळ होती ती हीच. आणि नेमके तेच तिच्या विरोधात गेले. सर्वांना सामावून घेणाऱ्या प्रमाणपत्रामागे मान्यताप्राप्त निवासी प्रशिक्षणाची एकच अट असणे शक्य नव्हते. संस्थेने आणि तिच्या काही डॉक्टर सभासदांनी कायद्याला आव्हान दिले. आमचे प्रमाणपत्र खरे आहे, ते जाहीर करणे हा आमच्या भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००४ मध्ये नवव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याने ‘मंडळप्रमाणित’ या संज्ञेला विशिष्ट अर्थ दिलेला आहे. त्या अर्थात न बसणाऱ्याने ती वापरल्यास लोकांची दिशाभूल होते आणि ती रोखणे हे राज्याचे रास्त हित आहे, असा निर्णयाचा आशय होता.

प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णय योग्य होता. तथापि त्याने काय साधले आणि काय साधले नाही, हे पाहणे आवश्यक आहे. न्यायालयाने शब्दाचे रक्षण केले. मंडळप्रमाणित नसलेल्या डॉक्टरने वेदनेवर उपचार करू नयेत, पाटीवर ‘वेदना चिकित्सालय’ लिहू नये किंवा अफूजन्य औषधे लिहून देऊ नयेत, असे कायदा म्हणत नव्हता. न्यायालयापुढे तो प्रश्नही नव्हता.

औषधचिठ्ठीचा प्रश्न

ज्या दशकात मंडळे परस्परांशी मान्यतेसाठी झगडत होती, त्याच दशकात वेदनेच्या उपचारांचा मोठा भाग मंडळांच्या हातून निसटत होता. रुग्णालयात दाखल असलेल्यांना अफूजन्य औषधांचे व्यसन क्वचितच लागते, अशा आशयाचे पाच वाक्यांचे एक पत्र १९८० मध्ये प्रसिद्ध झाले होते. दीर्घकालीन वापराविषयी त्यात काहीच नसताना ते पुढे पुरावा म्हणून शेकडो वेळा उद्धृत केले गेले. १९९५ मध्ये ‘अमेरिकन पेन सोसायटी’ने वेदनेला नाडी, तापमान, श्वसन व रक्तदाब यांच्या पंगतीत पाचवे जीवनचिन्ह म्हणून बसवले. १९९६ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आले. २००१ मध्ये रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संयुक्त आयोगाने प्रत्येक रुग्णाच्या वेदनेची नोंद घेण्याचा दंडक घातला.

न्यायालयेही त्याच दिशेने बोलू लागली. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका ज्यूरीने, कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ८५ वर्षांच्या रुग्णाच्या वेदनांवर पुरेसे उपचार न केल्याबद्दल एका डॉक्टरला १५ लाख डॉलरची भरपाई देण्यास सांगितले. ती रक्कम नंतर अडीच लाखांवर आली. त्याच वर्षी त्या राज्याने कायदा केला की बहुतेक सर्व डॉक्टरांनी २००६ अखेरपर्यंत वेदनाचिकित्सा व मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा या विषयांचे १२ तासांचे शिक्षण पूर्ण करावे. एकीकडे मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी निवासी प्रशिक्षणानंतर संपूर्ण वर्ष, दुसरीकडे इतर सर्वांसाठी १२ तास; आणि औषधे लिहिण्याचा अधिकार दोघांचाही सारखाच. वेदनेकडे दुर्लक्ष केल्यास शिक्षा होऊ शकते हे डॉक्टरला कळले होते. वेदनेवर उपचार कसे करावेत हे मात्र त्याला पुरेसे शिकवलेले नव्हते.

मंडळप्रमाणित वेदनाचिकित्सकांची संख्या मुळातच अल्प होती. २०११ च्या सुमारास ती तीन-चार हजारांच्या घरात असल्याचे सांगितले जाई. उलट, २०१६ च्या शासकीय पाहणीनुसार दीर्घकालीन वेदना असलेल्या प्रौढांचे प्रमाण २०.४ टक्के, म्हणजे सुमारे पाच कोटी होते. हे गणित कोणत्याही फेलोशिपने सुटणारे नव्हते. अपरिहार्यपणे वेदनेचा रुग्ण जात होता तो कुटुंबाच्या डॉक्टरकडे, आणि काही ठिकाणी त्याहून वाईट जागी.

ती वाईट जागा म्हणजे फ्लोरिडातील गोळ्यांचे कारखाने. ‘वेदना चिकित्सालय’ अशी पाटी लावलेल्या, रोख पैसे घेणाऱ्या आणि तेथल्या तेथे ऑक्सिकोडोनच्या गोळ्या देणाऱ्या या दवाखान्यांत परवानाधारक डॉक्टर बसत. परवाना सर्वसाधारण असल्याने वेदनेचे वेगळे प्रशिक्षण नसणे ही कायदेशीर अडचण नव्हती, आणि २०१० पूर्वी चिकित्सालयाच्या नोंदणीचीही गरज नव्हती. २०१० मध्ये आपल्या दवाखान्यातून ऑक्सिकोडोनचे सर्वाधिक वाटप करणाऱ्या देशातील १०० डॉक्टरांपैकी ९८ जण फ्लोरिडातील होते. राज्याने २०१० मध्ये चिकित्सालयांची नोंदणी सक्तीची केली, तेथे काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी प्रशिक्षणाच्या अटी घालण्याचे अधिकार वैद्यकीय मंडळाला दिले आणि २०११ मध्ये डॉक्टरांनी अशी औषधे स्वतः वाटण्यास जवळजवळ पूर्ण मनाई केली. पोलिसांच्या धाडीही पडल्या. २०१० ते २०१२ या दोन वर्षांत तेथील ऑक्सिकोडोनच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचा दर ५२.१ टक्क्यांनी घटला. यांतील कोणत्या उपायाचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखवणे कठीण आहे. परंतु वेदनाचिकित्सकाची पात्रता जाहिरातीच्या मजकुरापुरती न राहता, दवाखान्यात कोणी बसावे या प्रश्नापर्यंत अमेरिकेत कायद्याने पोहोचली, ती अशा मृत्यूंनंतर.

प्रमाणपत्राच्या वादातील पक्षांचे पुढे काय झाले हेही नोंदवले पाहिजे. कॅलिफोर्नियाच्या खटल्यातील अकॅडमीने २०१६ मध्ये नाव बदलले आणि २०१९ मध्ये ती बंद पडली. बोनिकांच्या चळवळीतून स्फूर्ती घेतलेली व पाचव्या जीवनचिन्हाचा पुरस्कार करणारी ‘अमेरिकन पेन सोसायटी’ त्याच वर्षी, औषधकंपन्यांशी संगनमत केल्याच्या आरोपाखालील दाव्यांच्या खर्चाने जेरीस येऊन, दिवाळखोरीत गेली. भूलतज्ज्ञांच्या मंडळाची परीक्षा टिकून राहिली आणि इतर काही मंडळांनाही पुढे तिचे दार उघडले.

सामान्य डॉक्टरच्या औषधचिठ्ठीला संघराज्याच्या पातळीवर शिक्षणाची अट लागली ती २०२३ मध्ये. नियंत्रित औषधे लिहिण्याची संघीय नोंदणी घेणाऱ्या वा नूतनीकरण करणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने, पशुवैद्यांचा अपवाद वगळता, एकदाच ८ तासांचे प्रशिक्षण घ्यावे, असा नियम २७ जून २०२३ पासून लागू झाला. प्रशिक्षणाचा मुख्य विषय आहे व्यसनविकारांचा उपचार. व्यसनचिकित्सेचे किंवा व्यसन-मानसोपचाराचे मंडळप्रमाणपत्र असणाऱ्यांना त्यातून सूट आहे, तसेच अलीकडेच पदवी घेतलेल्या व अभ्यासक्रमात हा भाग शिकलेल्या डॉक्टरांनाही आहे. सवलतीच्या या यादीत वेदनाचिकित्सेच्या प्रमाणपत्राचा उल्लेख नाही.